ते मेडशन आणि तां चेडू

डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात कुणाच्या हातात स्तोत्रांची पोथी असते, कुणाच्या मांडीवर निवडायची मेथी. तिच्या हातात पत्ते असतात. खेळायचे नव्हेत, घोकायचे. निळ्या पट्टीचे पुल्लिंगी, लाल पट्टीचे स्त्रीलिंगी, हिरव्या पट्टीचे नपुंसकलिंगी. चमचा निळा, काटा लाल, सुरी हिरवी. जर्मन माणसाने जेवणाच्या टेबलावरची तीन साधी आयुधं तिन्ही लिंगांत वाटून टाकली आहेत आणि का, हे कुणी विचारायचं नाही.

"कसला अभ्यास गं?" शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं.

"जर्मनचा."

"म्हणजे जर्मनीला चाललीस."

"नाही काकू, शिकवणार आहे. शाळेत."

"इथंच?"

त्या 'इथंच?'मध्ये नवल होतं, थोडी कीवही होती. जर्मन शिकून माणूस जातो, एवढं या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. शिकून इथेच राहणारी माणसं त्यांनी पाहिलेली नाहीत.

तसं ठाण्याला जर्मनीचं अप्रूप नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सीमेन्सचा कळव्याचा कारखाना आहे, कोलशेतला बायर होती. लंडन ते कोलकाता अशी सुमारे 11,000 किलोमीटरची तारेची लाइन सीमेन्सने 1870 मध्ये पुरी केली, तेव्हा ठाण्यात आगगाडी येऊन अवघी सतरा वर्षं झाली होती. पुढे कारखान्यातला एखादा इंजिनिअर ट्रेनिंगला सहा महिने जर्मनीत राहून येई आणि 'बिट्टं', 'डांकं' एवढी शिदोरी चाळीतल्या पोरांना वाटून टाकी. आता चित्र बदललं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि नर्सिंग झालेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा सगळ्यांना एकदम जर्मन हवीशी झाली. कल्याण-डोंबिवलीतल्या क्लासच्या पाट्यांवर 'ए वन ते बी टू' अशा भाषेच्या पातळ्या लिहिलेल्या दिसतात, जणू इमारतीच्या विंगा. दुसरीकडे अकरावी-बारावीत जर्मन घ्यायची ती मार्कांसाठी. पूर्वी दहावीला संस्कृत घ्यायचे, तोच हिशेब.

यातलं काहीच वाईट नाही. पोटासाठी शिकलेली भाषाही भाषाच असते. पण शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलाला जर्मन शिकवायची तर त्याला ना व्हिसा हवा असतो, ना बारावीची टक्केवारी. त्याला ती का शिकवायची, याचं उत्तर शिक्षिकेकडे आधी असावं लागतं.

उत्तर मिळेपर्यंत पायपीट असते. कलिन्याला मुंबई विद्यापीठात एम.ए.; कुर्ल्याला उतरून गर्दीतून शेअर रिक्षा. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात परीक्षा: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण, आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेतच. (ज्याचं नाव त्या भवनाला दिलं, तो माक्स म्युलर ऋग्वेदात आयुष्य घालवून एकदाही भारतात आला नाही. डोंबिवली-सीएसएमटी रोज करणाऱ्याला हे जरा लागतंच.) भाषा शिकवावी कशी, याचा गोएथे इन्स्टिट्यूटचा वेगळा अभ्यासक्रम आहे. त्यात शिकणाऱ्याने आपल्याच वर्गात एक छोटा शोध घ्यायचा असतो. त्या शोधाला जो जर्मन शब्द आहे तो एका श्वासात म्हणून दाखवला तर घरचे टाळ्या वाजवतात: 'प्राक्सिसएरकुंडुंग्सप्रोयेक्ट'. तिने निवडलेला प्रश्न साधा होता. प्रश्न विचारल्यावर शिक्षिका उत्तरासाठी किती वेळ थांबते? मोबाइलवर स्वतःचा तास रेकॉर्ड करून ऐकला तेव्हा कळलं की ती थांबतच नाही. स्वतःच विचारते, स्वतःच सांगते, आणि वर "बरोबर ना?" म्हणते.

शिवाय माध्यमिक शिक्षक व्हायचं तर बी.एड. हवं. ते 2015 पासून दोन वर्षांचं झालं आहे. तिच्या कॉलेजात अध्यापन पद्धतींच्या यादीत गणित होतं, विज्ञान होतं, इतिहास-भूगोल होते, जर्मन नव्हती. अर्ज घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "मराठी घे. भाषा ती भाषाच." तिला राग आला होता. जर्मनची एम.ए. आणि आठवीच्या वर्गावर पाठ कशाचे, तर लिंगविचाराचे!

पाठ कल्याणच्या एका शाळेत होता. टाचण नीट काढलेलं, तक्ता रंगवलेला, मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. फळ्यावर तिने शब्द लिहिले: वासरू, कोकरू, पाखरू, शिंगरू, लेकरू. यांचं लिंग कोणतं? नपुंसक. "पण टीचर, वासरू तर गाईला होतं, ते बैल तरी असेल नाही तर गाय तरी. नपुंसक कसं?" वर्ग हसला. तिने तक्त्यावरचं उत्तर दिलं, आणि देता देता तिची तीच थबकली. मराठीत लहान झालं की ते 'ते' होतं. आईच्या कुशीतलं लेकरू 'ते'. मोठं झालं की 'तो' किंवा 'ती'.

तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, आमची आजी सावंतवाडीची. ती माझ्या ताईला पण 'तां' म्हणते. 'तां चेडू खंय गेलां?'"

निरीक्षकांनी काय शेरा लिहिला ते तिला आठवत नाही. पत्ता आठवला. हिरव्या पट्टीचा, 'मेडशन', म्हणजे मुलगी. जर्मन शिकणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यात या शब्दावर अडतो. मुलगी नपुंसकलिंगी? मार्क ट्वेनने 1880 मध्ये जर्मनच्या या खोडीची यथेच्छ टर उडवली होती. पुस्तकातलं कारण छोटं आहे: शब्दाला 'शन' हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की तो नपुंसक होतो. मूळ 'माग्ड' स्त्रीलिंगी. तिची चिमुकली 'मेडशन' झाली की नपुंसक. इंग्रजीतून जर्मन शिकताना हा नियम पाठ करावा लागतो. मालवणी आजी असलेल्या पोराला तो सांगायचीही गरज नाही. त्याच्या घरात चेडू आधीपासून हिरव्या पट्टीचंच आहे.

त्या दिवसापासून तिची शिकवण्याची वही दोन रकान्यांची झाली. डावीकडे जर्मन, उजवीकडे आजवर न बघितलेली मराठी. 'डेअर, डी, डास' म्हणजे तो, ती, ते. (डास म्हटलं की वर्ग टाळी वाजवून डास मारतो. डोंबिवलीत हा विनोद शिळा होणार नाही.) 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की जर्मन क्रियापद मुकाट्याने वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. इंग्रजी माध्यमातली मुलं तिथे बावचळतात. त्यांना म्हणायचं, घरी बोलता तसं बोला, आई क्रियापद कुठे ठेवते बघा. 'दू' आणि 'झी' म्हणजे तू आणि तुम्ही. हे शिकवायला तर अर्धं मिनिट पुरतं. ओठांचा चंबू करून 'ई' म्हणायला मात्र मराठी काही मदत करत नाही. तिथे आरसाच लागतो.

सगळ्यात गंमत आकड्यांत निघाली. जर्मनमध्ये 21 म्हणजे 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. एकं आधी, दशक मागून. आपल्या एकवीस, पंचवीससारखंच. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं वाचन आणलं तेव्हा घराघरांत किती कालवा झाला! गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, आणि मुलांना जोडाक्षरं नि उलटसुलट क्रम अवघड जातो, हे त्यांचं म्हणणं विनोदांच्या गदारोळात फारसं कुणी ऐकून घेतलं नाही. नेमकं हेच भांडण जर्मनीतही आहे. बोखुमचे गणिती लोथार गेरित्सेन आणि मंडळींनी 2004 मध्ये यासाठी संस्थाच काढली. तिचं नाव 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे सरळ भाषांतर करायचं तर 'वीस-एक'. तिथेही लोक हसले, आणि जर्मन माणूस अजून एक-आणि-वीसच म्हणतो. कल्याणचे पालक आणि बोखुमचे पालक एकाच कारणासाठी वैतागू शकतात, ही बातमी वर्गात सांगण्यासारखी आहे. परीक्षेत मात्र याला मार्क नाहीत.

एम.ए.च्या वर्गात साहित्य हाती आलं तेव्हाही असंच झालं. टोमास मानची 1940 ची कथा वाचायला घेतली, दोन मित्रांची मस्तकं बदलून लावल्याची, आणि तिसऱ्या पानावर तिला वाटलं, हे आपण लहानपणी वाचलंय. वाचलंच होतं, वेताळपंचविशीत. वेताळाची गोष्ट जर्मनीत गेली, मानकडून गिरीश कार्नाडांकडे आली, 'हयवदन' झाली, चिं. त्र्यं. खानोलकरांनी ती मराठीत आणली, विजया मेहतांनी बसवली आणि 1984 मध्ये वायमारला जर्मन नटांकडून जर्मनमध्येही करवून घेतली. वेताळाने तेवढा पाठलाग कुठल्याच राजाकडून करवला नसेल.

एवढं सगळं जमवून नोकरीची शाश्वती किती? ती 2014 ची गोष्ट विसरत नाही. केंद्रीय विद्यालयांत 2011 च्या करारानुसार सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून जर्मन होती. सुमारे 70,000 मुलं शिकत होती. ऑक्टोबरच्या अखेरीस, ऐन वर्षाच्या मध्यात, निर्णय झाला की जर्मनच्या जागी संस्कृत. पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ब्रिस्बेनला जी-20 परिषदेत जर्मनीच्या चान्सलर मर्केल यांनी पंतप्रधानांकडे विषय काढला. पुढच्या वर्षी दोन्ही सरकारांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि जर्मन जादा विषय म्हणून राहिली. बातम्यांत मंत्री होते, चान्सलर होत्या, संस्कृत श्रेष्ठ की जर्मन असा वाद होता. सहामाहीचे पेपर तपासत बसलेला जर्मनचा मास्तर त्यात कुठे नव्हता. वास्तविक विभक्त्या शिकवताना या दोन भाषांइतक्या एकमेकींच्या कामी येणाऱ्या भाषा शोधून सापडायच्या नाहीत.

घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत सहावीपासून जर्मन आहे. तिथल्या मॅडमनी तिला नववीचा एक तास दिला आणि सांगितलं, "काहीही घे, फक्त पुस्तकातलं नको." तिने वोल्फगांग बोर्शर्टची 'डास ब्रोट' ही कथा घेतली. बोर्शर्ट 1947 मध्ये सव्विसाव्या वर्षी वारला. त्याचं नाटक हाम्बुर्गच्या रंगभूमीवर आलं, त्याच्या आदल्या दिवशी. कथा जेमतेम दोन-अडीच पानांची. युद्धानंतरची उपासमार. रात्री अडीच वाजता बाईला जाग येते. स्वयंपाकघरात नवरा उभा, टेबलावर ब्रेडचा चुरा. तो म्हणतो, आवाज आला म्हणून उठलो. चोरून खाल्लंय हे तिला दिसतंय. दुसऱ्या संध्याकाळी ती त्याच्यापुढे तीनऐवजी चार तुकडे ठेवते. मला हा ब्रेड पचत नाही, असं सांगते आणि दिव्यापासून लांब होते.

शब्द सगळे सोपे. ताटली, सुरी, दिवा, गार फरशी. सहावीच्या पत्त्यांतलेच.

"टीचर, त्यांनी रेशनकार्ड वेगळं का नाही केलं?" पहिला प्रश्न हा आला. वाईट नव्हता, ब्रेड तेव्हा खरोखरच रेशनवर होता.

"ती दिव्यापासून लांब का गेली?" तिने विचारलं, आणि या वेळी थांबली. मनात आकडे मोजत थांबली. एक, दोन, पाच, आठ. बाहेर घोडबंदर रोडवर डंपर ठणठणत गेला. अकराव्याला एक मुलगी म्हणाली, "कारण ती पण खोटं बोलली."

कुठल्या भाषेत म्हणाली, ते तिने पाहिलं नाही. घंटेला दोन मिनिटं होती. पोरांनी पिशव्या भरायला घेतल्या, आणि तीच मुलगी टेबलाशी आली. "टीचर, 'खोटं' कुठल्या रंगाचं?"

"लाल. डी ल्यूगे."

"आणि मराठीत?"

तिने कोरा पत्ता काढला. खोटं. ते खोटं. "हिरवं."

मुलीने क्षणभर विचार केला. "पण थाप मारली तर लाल," ती म्हणाली, आणि डबा उचलून पळाली.