दोरीला बांधलेलं पेन

काही वर्षांपूर्वीची नगरपंचायतीची मतमोजणी. मी आणि माझा सहकारी, दोघांच्या मोबाईलवर एकच शीट उघडी, त्यावरून पेजवर निकाल टाकायचं काम. एका ताईंची मतं ४१२. मी ती वाचली, माझ्या केंद्राची ६५ मिळवून ४७७ लिहिली. तेवढ्यात सहकाऱ्यानेही ४१२च वाचली होती. त्याने आपली ८८ मिळवून माझ्या आकड्यावर ५०० लिहिले. खरी बेरीज ५६५, समोरच्याची ५४०. आम्ही 'पराभूत' टाकून मोकळे. पाऊण तासाने कळलं, ताई २५ मतांनी निवडून आल्यात. तोवर त्यांच्या घरी रडारड झाली होती. घरी जाऊन माफी मागितली, पण तो चेहरा अजून आठवतो.

गंमत म्हणजे बेरीज दोघांचीही बरोबर होती. मग चुकलं कोण?

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाचा म्हणाला, "मामा, याला रेस कंडिशन म्हणतात. आमच्याकडे रोजचं आहे." एका प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड एकाच वेळी काम करतात आणि एकाच नोंदीला हात घालतात. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत ओहायोतल्या एका वीज कंपनीची अलार्म यंत्रणा अशाच दोषामुळे गप्प झाली. झाडांना लागून वाहिन्या बंद पडत होत्या, पण कंट्रोल रूमला पत्ताच नाही. आठ राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारिओ, सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

यावर उपाय म्युटेक्स. म्हणजे पेन एकच. ज्याच्या हातात पेन, त्यानेच वाचायचं आणि लिहायचं. पण पेन खिशात घालून कुणी चहाला गेला तर? बाकीचे ताटकळत. प्रोग्रामरही कुलूप सोडायला विसरतो, किंवा मधेच एरर येऊन ती ओळ चालतच नाही.

म्हणून बँकेत पेन दोरीला बांधतात. माणूस काउंटर सोडून गेला की पेन तिथेच. सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून 'लॉक गार्ड' हेच करतो: काम संपो वा बिघडो, बाहेर पडताना कुलूप आपोआप सुटतं. रस्ट भाषा आणखी कडक. तिथे नोंद कुलपाच्या आतच असते. कुलूप मिळालं की हातात एक स्मार्ट पॉइंटर येतो, त्याच्याशिवाय नोंदीला हातच लावता येत नाही. आणि कुलूप हातात असताना थ्रेड कोसळला, तर पुढच्याला इशारा मिळतो: नोंद अर्धवट असेल, तपासून घे.

हे रामबाण नाही. दोन कुलपं असतील आणि दोघं एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसले, तर दोरी काय करणार?

तरी मला यातली वृत्ती आवडली. आपल्याकडे घोळ झाला की आधी माणूस शोधतात, मग 'दक्षता घ्यावी' असं परिपत्रक निघतं. त्या मंडळींनी माणूस विसरणारच हे धरून व्यवस्था बांधली.

आता मतमोजणीला आमच्याकडे शीट एकटाच भरतो, बाकीचे फक्त आकडे सांगतात. तो उठला तर मोबाईल टेबलावर ठेवून उठतो. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, ग्रामपंचायतीत असं दोरीला बांधायला हवं असं काय आहे? कमेंटमध्ये लिहा.