सात कसोटी, ३५० धावा
१/ कुहीत धान कापून झाले की बांध्या मोकळ्या होत आणि तिथेच आमचा क्रिकेटचा डाव रंगे. आजोबा बांधावर बसून सी. के. नायडूंचे नाव काढत. त्यांनी नायडूंना खेळताना कधी पाहिले नव्हते. जे ऐकले ते त्यांच्या वडिलांकडून. शाळकरी वयात मी एकदा आकडे दाखवून त्यांना गप्प केले होते : ‘सात कसोटी, ३५० धावा. एवढेच!’ आज हा धागा त्या उद्धटपणाच्या प्रायश्चित्तासाठी.

२/ कोट्टारी कनकय्या नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. कुहीपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर.

३/ १ डिसेंबर १९२६. मुंबईचे जिमखाना मैदान. आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदू संघाकडून नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार. एका डावातील षटकारांचा तो त्या काळचा विक्रम होता. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

४/ भारतातले क्रिकेट कसोटीच्या तोडीचे आहे, ही खात्री त्या दौऱ्याने गिलिगन यांना पटली. १९२८ साली नियामक मंडळ स्थापन झाले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. पोरबंदरचे महाराज बाजूला झाले व नेतृत्व नायडूंकडे आले. पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. तेव्हा त्यांचे वय ३६ होते.

५/ आता माझा तो तक्ता पुन्हा वाचू. १९३२ मध्ये १, १९३३-३४ मध्ये ३, १९३६ मध्ये ३. त्या वर्षांत भारत एकूण सातच कसोटी खेळला, आणि नायडू त्या सातही खेळले. अखेरच्या कसोटी डावात, ओव्हलवर, त्यांनी ८१ धावा केल्या.

६/ म्हणजे ‘सात’ हा आकडा त्यांच्या कुवतीचे माप नव्हे. पारतंत्र्यातील एका देशाला मिळालेल्या संधीचे ते माप होते. आकडा खरा होता, मी त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. इतिहासाच्या अभ्यासाने मला दुसरे काही दिले नसले, तरी हे नक्की दिले.

७/ आजोबा आता नाहीत. बांध्या आहेत, धान कापले की पोरे अजूनही तिथे खेळतात. एखादा चेंडू बांधापलीकडे गेला की मी मनातल्या मनात त्यांना सांगतो : तुमचेच बरोबर होते.