टेबलाच्या पलीकडचे हात

आई-बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की आपल्या पिढीचा रिसर्च सुरू होतो. सर्जन कोण, इम्प्लांट कुठलं, पॅकेज किती, कॅशलेस होणार का... चक्क एक्सेल शीट तयार होते! त्या शीटमध्ये एक कॉलम मात्र कधीच नसतो. ऑपरेशन टेबलाच्या पलीकडे, सर्जनच्या समोर कोण उभं असणार?

मला हा प्रश्न पडला तो नर्सेस आणि ओटी टेक्निशियन्ससाठी पुण्यात भरलेल्या एका वर्कशॉपमध्ये. गेले होते स्टोरी करायला. टेबलांवर प्लॅस्टिकची हाडं, प्लेट्स, स्क्रू, ड्रिल. पहिली पाच मिनिटं वाटलं, सुतारकामाचा क्लास आहे की काय! मग शेजारच्या सिस्टरनी समजावलं. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला २.५ चं ड्रिल बिट, ४.५ च्या स्क्रूला ३.२ चं. भोक मोठं झालं तर स्क्रू हाडात पकडच घेत नाही. सर्जननी हात पुढे केला की योग्य बिट हातात पडायला हवं. 'कुठलं देऊ?' असं विचारत बसायला तिथे वेळ नसतो.

गुडघा बदलताना तर घड्याळ डोक्यावरच बसलेलं. मांडीला आवळलेला टुर्निकेचा पट्टा पायाचा रक्तपुरवठा थांबवतो. साधारण दोन तासांच्या पुढे तो ठेवणं धोक्याचं, म्हणून किती वेळ झाला ते कुणीतरी मोठ्यानं सांगावं लागतं. पावडर आणि द्रव एकत्र केले की बोन सिमेंट काही मिनिटांतच घट्ट होतं, आणि खोली गरम असेल तर आणखी लवकर. ते ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की वापरायची वेळ झाली. इम्प्लांटचा डबा उघडण्यापूर्वी डावा की उजवा, साइज कुठला, हेही वाचून दाखवायचं. शेवटी टाके घालण्याआधी गॉज, सुया, अवजारं मोजायची. आकडा जुळला नाही तर थांबायचं. समोर कितीही मोठे सर असोत!

हे 'थांबा' म्हणणं सोपं नसतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटल्समध्ये ती वापरून पाहिली, तेव्हा गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यूंचं १.५ वरून ०.८ वर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला मोजणीचा मुद्दा नर्सनंच मोठ्यानं बोलायचा असतो.

मग हे सगळं शिकवतं कोण? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. हाडं जोडण्याचं तंत्र जगभर शिकवणारी, १९५८ मध्ये स्विस सर्जन्सनी सुरू केलेली 'एओ' ही संस्था ओटी स्टाफसाठी वेगळे कोर्स घेते. २०२१ च्या कायद्यानं ओटी टेक्नॉलॉजिस्टना आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यताही दिली. पण छोट्या नर्सिंग होममध्ये अजूनही 'बघून बघून शीक' हाच कोर्स! अनेकदा ट्रेमधलं कुठलं अवजार कधी लागतं, हे स्टाफपेक्षा इम्प्लांट कंपनीच्या माणसाला जास्त ठाऊक असतं. तो हुशार असेलही. पण त्याची नोकरी विक्रीची, पेशंटची जबाबदारी हॉस्पिटलची.

माझ्या शेजारच्या सिस्टर सोलापूरकडून आल्या होत्या. रात्रीची एसटी, स्वतःच्या पगारातून फी आणि रजा टाकून. 'कशाला एवढं?' म्हटलं, तर म्हणाल्या, "ताई, सर चिडले तरी चालेल हो, पण मी का थांबवतेय ते मला माहीत पाहिजे ना."

मला हे फार पटलं. ट्रेनिंगनं नुसता हात वळत नाही, बोलायची हिंमतही येते. आणि त्याचा खर्च सिस्टरनी का करायचा? हॉस्पिटलच्या बजेटमध्ये तो असायलाच हवा.

तेव्हा मंडळी, बेस्ट सर्जन शोधाच. पण पुढच्या अपॉइंटमेंटला आणखी दोन गोष्टी विचारा. तुमच्या ओटीत चेकलिस्ट वापरतात का? सरांसोबत उभं राहणाऱ्यांना हाडांच्या ऑपरेशनचं ट्रेनिंग कुठे मिळालंय? पेशंटच्या घरचे विचारू लागले, तर उत्तर तयार ठेवावंच लागेल.