एलातच्या समुद्रातलं पाळणाघर



एलातला आपण जातो ते पोवळ्यांचे खडक आणि रंगीत मासे बघायला. माझी निम्मी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, त्यामुळे यंदा नातवंडांबरोबर गेले तेव्हा माझं लक्ष पिल्लांकडेच!

खडकावरच्या बहुतेक माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की उघड्या समुद्रात वाहत जातात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, किनाऱ्याकडे येऊन घर शोधतात. सगळ्यांचं घर एक नसतं, बरं का. बारबुनिया आपण तळून खातो ना, त्याच्या जातीचे मासे वाळूवर उतरतात आणि हनुवटीच्या दोन मिशांनी वाळू उकरून किडे खातात. शहराजवळच्या उत्तर किनाऱ्याला पाण्याखाली गवत आहे. त्याच्या पात्यांत कितीतरी पिल्लं लपतात. आपल्या कोकणातल्या खाडीत तिवरांच्या मुळांशी बोयची पिल्लं असतात ना, तसंच.

दक्षिणेला पोवळ्यांचं राखीव क्षेत्र आहे, सुमारे १.२ किलोमीटर लांब. तिथे एक काळं पिल्लू दिसतं. कपाळावर पांढरा ठिपका, जणू काळ्या बाळाला पांढरी तीट! ते समुद्रफुलाच्या डंख करणाऱ्या बोटांत राहतं. मोठं झालं की कपाळावरचा ठिपका जातो आणि मासा ते घर सोडतो.

काही बारीक मासे लांब काळ्या काट्यांच्या 'किपोद याम'च्या आडोशाला राहतात. २०२३ मध्ये एका सूक्ष्म परजीवीची साथ आली आणि एलातचे हे किपोद थोड्याच काळात जवळजवळ सगळे मेले. ते खडकावरचं शेवाळ खाऊन पोवळी स्वच्छ ठेवत. म्हणजे पिल्लांचा आडोसा गेला आणि खडकाचा झाडूवालाही गेला.

वॉर्डात आम्ही म्हणायचो, नुसती आई जगून भागत नाही, बाळाचा पाळणाही जपावा लागतो. समुद्राचंही तेच. खडक राखला, पण गवत 'कचरा' म्हणून उपटलं, वाळूत घाण टाकली, तर उद्या खडकावर मासे येणार कुठून?

म्हणून मुलांनो, पाण्यात उतरायचं ते तिथल्या पुलावरूनच. पोवळ्यांवर पाय देऊ नका, गवत उपटू नका, माशांना पाव टाकू नका. आणि आजी-आजोबांनो, पोहता येत नसलं तरी पुलावर उभं राहून खाली बघा. पिल्लं तिथूनही दिसतात.