पॅव्हिलियनबाहेरचा चहा

आमच्या हिंगोलीच्या मुलखात नामदेवांची एक गोष्ट लहानपणीच कानावर पडते. औंढ्याच्या नागनाथापुढे कीर्तन चालले असता त्यांना उठवून देवळामागे धाडले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. क्रिकेटपटू पालवणकर बाळूंविषयी वाचताना मला ही गोष्ट हटकून आठवते. कारण त्यांच्यासाठी देऊळ काही फिरले नाही.

बाळूंचा जन्म १८७६ चा, चांभाराच्या घरातला. पूना जिमखान्यात, म्हणजे गोऱ्यांच्या क्लबात, दरमहा चार रुपये पगारावर त्यांनी खेळपट्टी राखली, जाळी बांधली आणि साहेबांना चेंडू टाकले. फलंदाजी? ती साहेबांची! त्यांच्या डाव्या हातचा चेंडू असा काही वळे, की पुण्याच्या हिंदूंना त्यांना संघात घेणे भागच पडले. घेतले खरे; पण चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांनी टाकलेला चेंडू मात्र सोवळे हात आनंदाने झेलीत. चेंडूला बहुधा विटाळ नसावा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदूंचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली त्यांना वगळले, तेव्हा त्यांचे दोन भाऊ संघ सोडून निघाले. मग कुठे बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली धाकटा विठ्ठल कर्णधार झाला.

खेळाच्या नावावर राजकारणात शिरणारे जगभर आहेत. फिनलंडचा धावपटू लासे व्हिरेन चार ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या पुण्याईवर १९९९ साली पार्लमेंटात जाऊन बसला. बाळूंची वाट एवढी सरळ नव्हती. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. मुंबई महापालिकेची निवडणूक ते हिंदू महासभेतर्फे लढले आणि हरले. आंबेडकरांची धर्मांतराची घोषणा त्यांना मानवली नाही. आणि १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले ते थेट आंबेडकरांसमोर! तरुणपणी आंबेडकरांनाही बाळूंच्या खेळाचे मोठे कौतुक होते म्हणतात.

बाळूंना कोणी दुसऱ्याच्या हातचे बाहुले म्हणते. मला ते पटत नाही. चहाच्या मातीच्या भांड्यापासून भावाच्या कर्णधारपदापर्यंतचा पल्ला त्यांनी स्वतः पाहिला होता. आत राहूनच, इंचाइंचाने, माणसे हलतात, हा त्यांचा अनुभव. तो खोटा कसा म्हणावा? आंबेडकरांपुढे प्रश्न होता तो ज्यांना चेंडू वळवता येत नाही अशा लाखोंचा. त्यांनी किती पिढ्या थांबायचे?

आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अवघ्या २,०२० मतांचा फरक. हा आकडा मी अनेकदा न्याहाळला आहे. भायखळा-परळच्या चाळींतून त्या दिवशी एकेका घरात दोन मते झाली असतील.

१९५५ च्या जुलैत बाळू वारले. पुढल्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आंबेडकरांनी नागपूरला धर्म बदलला.