छपराची आतली बाजू

घराविषयीच्या चिंतनात माळ्याला नेहमी मानाची जागा मिळत आली आहे. गास्तों बाशलार या फ्रेंच विचारवंताने अवकाशाच्या काव्यशास्त्रावरील १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात तळघराच्या वाट्याला काळोख आणि भय दिले, तर माळ्याच्या वाट्याला स्वच्छ विचार. माळ्यावर उघडे वासे दिसतात आणि सुताराच्या भक्कम भूमितीत आपणही सहभागी होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे.

मिशिगनमधील आमच्या घराच्या माळ्यावर मात्र भूमितीच्या आधी खिळे दिसतात. वाशांवरच्या प्लायवूडमधून शेकडो अणकुचीदार टोके रांगेने खाली उतरलेली आहेत. पाहुण्यांना हे काम निष्काळजीपणाचे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. वरच्या डांबरी शिंगलच्या प्रत्येक पट्टीस किमान चार खिळे लागतात, आणि तक्ता पाऊण इंचाहून पातळ असेल तर खिळा त्यातून आरपार गेलाच पाहिजे, असा तिथल्या बांधकाम संहितेचा दंडक आहे. म्हणजे बाहेर आलेले टोक ही चूक नव्हे, ती पकडीची ग्वाही आहे. चुकलेला खिळा वेगळा असतो. तक्ता वाशाला जखडण्यासाठी मारलेला, पण वासा हुकवून त्याच्या बाजूने उतरलेला. कारागीर त्याला ‘शायनर’ म्हणतात, चमकणारा.

जानेवारीत तो खरोखरच चमकतो, आणि त्याच्यासोबत इतरही. खाली शिजणाऱ्या भाताची वाफ, न्हाणीघरातला दमटपणा, निजलेल्या माणसांचे उच्छ्वास छताच्या फटींतून वर येतात. लोखंड लाकडापेक्षा कितीतरी वेगाने बाहेरची थंडी आत आणते, त्यामुळे हे बाष्प टोकाटोकावर गोठते. ऊन पडले की ते ठिबकते आणि खिळ्याभोवती गंजाचे काळपट वलय ठेवून जाते. घरातील जगण्याची ही एक नोंदवहीच म्हणायची.

कोकणातल्या छपराने असे काही दाखवले नसते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढल्यानंतर जे मंगळूरी कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरले, ते रिपेवर आपल्या खाचेने आणि वजनाने बसते. त्याआधीच्या नळीच्या कौलांनाही खिळा ठाऊक नव्हता. म्हणूनच तिथे पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे. शाकारायला येणारा माणूस घराला नावाने माहीत असे, त्याच्यासाठी चहा ठेवला जाई, त्याच्या हाताची तारीफ किंवा तक्रार वर्षभर चाले. छप्पर दरवर्षी नव्याने त्याचे ऋणी होई.

खिळ्याने हे ऋण एकदाच फेडून टाकले. दोन दिवसांत छप्पर ठोकले जाते आणि पुढची वीसेक वर्षे कोणी वर पाहत नाही. ठोकणारे पुष्कळदा मेक्सिको वा मध्य अमेरिकेतून आलेले असतात. अमेरिकेच्या श्रमविषयक आकडेवारीत छपराचे काम सर्वाधिक जीवघेण्या व्यवसायांत सातत्याने मोडते. आमच्या छपरावर चढलेल्या माणसांची नावे आम्हाला माहीत नाहीत. त्यांच्या हाताची जी खूण घराच्या आत पोहोचली, ती एवढीच.

बाशलारच्या माळ्यावर भूमिती आहे, पण सुतार नाही. तो आपले काम संपवून केव्हाच उतरून गेला आहे. सहभाग हा शब्द तिथे जरा स्वस्तात मिळतो, असे वाटते.

आता या माळ्याची अभ्यासिका करावी, असा प्रस्ताव घरात आहे. टोके कापता येत नाहीत. कापण्याच्या हादऱ्याने खिळ्यांची पकड सैल होते. ती फळ्यांआड झाकावी लागतील. मुलांची डोकी सांभाळायची तर ते योग्यच आहे. मात्र त्या अभ्यासिकेत बसून जे कोणी घराविषयी लिहील, त्याला फळीमागे काय आहे हे कोणीतरी सांगून ठेवले पाहिजे.