स्क्रीन काळी पडण्याच्या वेळा

डिसेंबरात हे सुरू झालं. आठवड्यातले ३ दिवस मारुंजीच्या घरून काम, २ दिवस हिंजवडी फेज २ मधलं ऑफिस. घरच्या डेस्कटॉपवर डेबियन आणि एक्सएफसीई. या मशीनने मला कधी अडवलं नव्हतं. आता मात्र चहा घेऊन परत यावं तर मॉनिटर काळा, त्यावर ‘नो सिग्नल’. माऊस हलवला, कीबोर्डची बटणं दाबली तरी काही नाही. मशीन बंद करून चालू केलं की चित्र यायचं, पण अर्धवट चाललेलं बिल्ड आणि उघडी टर्मिनलं गेलेली असायची.

मी खोलीबाहेर गेलो की स्क्रीन जाते, म्हणजे हे वीज वाचवणाऱ्या सेटिंगचं काम, असं मी धरून चाललो. ‘एक्ससेट’ने डीपीएमएस बंद केलं, स्क्रीनसेव्हर काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तेच. मग कर्नलवर संशय. ग्रबमधून जुना कर्नल निवडला, तरी तेच. टीममधला एक मित्र म्हणाला, “फॉरमॅट मार, विषय संपव.” या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. दुखणं कुठे आहे ते न बघताच घर पाडायचं का?

पुढच्या वेळी मशीनला हात न लावता फोनवरून एसएसएच केलं. लॉगिन लगेच झालं आणि बिल्ड व्यवस्थित चालू होतं. मशीन जिवंत होतं, गेलं होतं फक्त चित्र. फोनवरूनच ‘एक्सरँडर’ला ‘ऑटो’ सांगितलं आणि डेस्कटॉप होता तसा परत आला.

लिनक्समध्ये ‘सिस’खालच्या ‘क्लास’मध्ये ‘डीआरएम’ नावाचं फोल्डर असतं. ग्राफिक्स कार्डाच्या प्रत्येक पोर्टसाठी तिथे ‘स्टेटस’ नावाची छोटी फाइल असते. मॉनिटर दिसत असेल तर तिच्यात ‘कनेक्टेड’, नाहीतर ‘डिसकनेक्टेड’. दर सेकंदाला ती वाचून बदल झाला की वेळ लिहिणारी चार ओळींची स्क्रिप्ट मी चालू ठेवली.

४ दिवसांत ११ नोंदी झाल्या. प्रत्येक वेळी डिस्प्लेपोर्ट एखादा सेकंद ‘डिसकनेक्टेड’ होऊन पुन्हा ‘कनेक्टेड’. कुणीतरी केबल काढून परत लावावी तसं. मॉनिटर परत आला तरी एक्सएफसीई त्याला पुन्हा चालू करत नव्हतं, म्हणून स्क्रीन काळीच राहायची. वीज गेली नव्हती, इन्व्हर्टर लागला नव्हता. त्या वेळा मी कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. ११ वाजून ४ मिनिटं: स्टँडअप संपली. १ वाजून १७: जेवण. ४ वाजून ३२: चहा. मी बाहेर असतानाच्या या वेळा नव्हत्या, खुर्चीतून उठण्याच्या होत्या! पाठ फिरल्यावर स्क्रीन जायची, म्हणून मला ती जाताना कधी दिसलीच नव्हती.

मग मुद्दाम मॉनिटरकडे बघत उठबस केली. सातव्या वेळी झटक्याने उठलो आणि डोळ्यांदेखत स्क्रीन गेली. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणून ३० वेळा उठलो, एकदाही गेली नाही.

घरी कामाला मी वापरतो तशा ऑफिस-खुर्चीत उंची कमीजास्त करायला गॅसचा दांडा असतो. कोरड्या हवेत सिंथेटिक कापडावर अंग घासून स्थिर वीज साठते. उठताना ती खुर्चीच्या धातूतून सुटते, विद्युतचुंबकीय लहर उठते आणि नीट शील्डिंग नसलेली केबल ती पकडते. डिस्प्लेलिंक कंपनीने ग्राहकांसाठीच्या माहितीत गॅस-लिफ्ट खुर्च्यांचा हा परिणाम नोंदवलेला आहे. पावसाळ्यात हीच खुर्ची आणि हीच केबल बिनतक्रार का चालली, तेही आता कळलं. माझी केबल ३ मीटरची, स्वस्तातली होती.

भूमकर चौकातल्या गर्दीतून जाऊन चांगल्या शील्डिंगची दीड मीटरची केबल आणली. अर्थिंग तपासायला वायरमनलाही बोलावलं. एक्स्टेंशन बोर्ड उघडून तो म्हणाला, “साहेब, अर्थिंगची वायर नुसती गुंडाळून ठेवलीय, जोडलेलीच नाही.” त्याने ती जोडली. खुर्चीवर मी जुनी सुती चादर टाकली.

स्क्रिप्ट त्यानंतर पूर्ण महिनाभर चालू ठेवली. फाइलमध्ये एकाही नव्या ओळीची भर पडली नाही.